ग्रँट यांच्या लष्करी आठवणी कशा लिहिल्या गेल्या

मे १८८४ मध्ये न्यूयॉर्कची ‘ग्रँट अँड वॉर्ड’ ही पेढी बुडाली आणि तिच्यात सगळी पुंजी गुंतवलेले युलिसिस ग्रँट कफल्लक झाले. यादवी युद्ध जिंकून देणारे सेनापती आणि दोनदा अमेरिकेचे अध्यक्ष, पण अध्यक्ष होताना लष्करी हुद्दा सोडलेला आणि माजी अध्यक्षांना तेव्हा निवृत्तिवेतन नव्हतं. ‘सेंच्युरी’ मासिकाने युद्धावर लेख मागितले तेव्हा ते तयार झाले, ते घर चालवायला.

यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईवरचा पहिला लेख सरकारी अहवालासारखा रुक्ष उतरला. मासिकाचे संपादक भेटायला आले. गप्पांत ग्रँट जे सांगत होते, ते लेखात कुठेच नव्हतं. हेच लिहा, असं संपादकांनी सुचवलं आणि माझ्या मते पुस्तकाचा खरा जन्म तिथे झाला. शायलोच्या लढाईतली ६ एप्रिल १८६२ ची ती रात्र पाहा. मुसळधार पाऊस, घोडा पडल्याने सुजलेला घोटा. आडोसा शोधत ग्रँट एका ओंडक्यांच्या घरात शिरतात, तर तिथे जखमींचे हातपाय कापणं चाललेलं. शत्रूच्या माऱ्यापेक्षा ते असह्य झालं आणि सेनापती पुन्हा पावसात झाडाखाली येऊन बसले.

स्वतःची भीतीही त्यांनी लपवली नाही. १८६१ मध्ये मिसूरीत शत्रूपक्षाच्या कर्नल हॅरिसच्या तळावर चालून जाताना काळीज घशाशी आलं होतं; थांबा म्हणायचं धैर्य नव्हतं, म्हणून पुढे जात राहिलो, असं ते लिहितात. टेकडीवरून पाहिलं तर तळ रिकामा. हॅरिसही तितकाच घाबरलेला!

त्या तळाजवळच्याच फ्लोरिडा या खेड्यात लेखक मार्क ट्वेन जन्मले होते; पुढे ग्रँट यांचं पुस्तक त्यांनीच काढलं. ‘सेंच्युरी’ने पुस्तकासाठी दहा टक्के मानधन देऊ केलं होतं, ट्वेनच्या प्रकाशनसंस्थेने निव्वळ नफ्याचे सत्तर टक्के कबूल केले. एव्हाना ग्रँट यांच्या घशाच्या कर्करोगाचं निदान झालं होतं. काही मजकूर सांगून लिहवून घेतला. आवाज गेल्यावर स्वतःच्या हाताने लिहिला. जुलै १८८५ मध्ये हस्तलिखित पुरं झालं आणि काही दिवसांतच, २३ जुलैला, ते गेले. दोन खंडांचे तीन लाखांवर संच खपले. पत्नी ज्युलिया यांना सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले.

पुस्तक १८६५ पाशी थांबतं. अध्यक्षपदाची आठ वर्षं त्यात नाहीत आणि जगप्रवासात फेब्रुवारी १८७९ मध्ये ते उतरले ती मुंबईही नाही. त्या मुंबईबद्दल त्यांच्या हातच्या दोन ओळी तरी वाचायला हव्या होत्या.