ऑनलाइन धंद्यातली ग्राहक भेट (बेळगाव सीमाभाग)

ज्याचं दुकान फोनमध्येच आहे, म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुप, इन्स्टाग्राम पेज नाहीतर साधी वेबसाइट, अशा माणसाने आपल्या गिऱ्हाइकांना एक दिवस ठरवून प्रत्यक्ष बोलवायचं, माल हातात द्यायचा, चहा पाजायचा आणि ओळख करून घ्यायची, ही ग्राहक भेट. कुणी कस्टमर मीट म्हणतं, कुणी सरळ एक्झिबिशनच म्हणतं, पण प्रदर्शनात त्या दिवसाचा गल्ला बघतात आणि भेटीत पुढच्या वर्षभराच्या ऑर्डरी, एवढा फरक आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात साड्या, दागिने, घरगुती मसाले, शिकवण्या, वेबसाइट बनवून देणं, अकाउंटचं काम अशा धंद्यांत हे चालतं.

याची गरज का पडली ते समजायला मागे जावं लागतं. यूपीआय २०१६ साली आलं, व्हॉट्सअॅपचं बिझनेस अॅप २०१८ साली, आणि बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात जिथं घरोघरी माग आहेत तिथं साडीचा फोटो ग्रुपवर टाकून पुणे-मुंबईपर्यंत विकायला कुणाचं तोंड बघायची गरज उरली नाही. पण पैसे आधी जातात आणि माल नंतर येतो, तोही न बघितलेला, आणि दुसऱ्याच्या पेजवरचे फोटो उचलून आपले म्हणून विकणारेही निघाले, त्यामुळं गिऱ्हाईक बिचकतं. बरं कॅश ऑन डिलिव्हरी ठेवावी तर पार्सल दारातून परत पाठवणारे असतात आणि जाण्यायेण्याचा दोन्हीकडचा खर्च विकणाऱ्याच्या बोकांडी बसतो. म्हणजे भरवसा दोन्ही बाजूंनी हवा असतो, गिऱ्हाइकालाच हवा असं नाही.

आपल्याकडं पैशाचा व्यवहार मुळात ओळखीवर चालत आलाय. कर्नाटकात पिग्मी ठेव, म्हणजे रोज थोडेथोडे पैसे साठवायची ठेव, १९२८ साली उडुपीच्या, पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने सुरू केली, तिचा सगळा जीव एजंट रोज दारात येतो यातच होता. आजही बेळगावच्या बाजारात पिग्मीवाला त्याच वेळेला त्याच दुकानात दिसतो आणि लोक त्याच्या हातात पैसे ठेवतात, कारण त्याचं घर कुठल्या गल्लीत आहे ते माहीत असतं. ऑनलाइन विकणाऱ्याला गिऱ्हाईक पहिल्यांदा "कुठले ओ तुम्ही?" असं विचारतं ते याच कारणानं, आणि त्याचं उत्तर समोर बसून देता येतं तसं मेसेजवर देता येत नाही.

भेट कधी ठेवायची तर संक्रांत ते रथसप्तमीचे दिवस सगळ्यात सोयीचे, हळदीकुंकवाचं निमित्त असतं आणि बायका तशाही घराबाहेर पडलेल्या असतात. लगीनसराईच्या आधी बस्ता बांधायला गोवा, चंदगड, सिंधुदुर्गाकडची माणसं बेळगावात येतातच, त्यांना एक तास जास्तीचा मागायचा. जागा म्हणजे बेळगावातल्या टिळकवाडीतला एखादा छोटा हॉल, मंगल कार्यालय, नाहीतर स्वतःचं घर. माझ्या मते घर सगळ्यात चांगलं, माग चालू असलेलं घर तर फारच चांगलं, कारण आवाज ऐकूनच माणसाला पटतं की माल इथंच होतो. शहरातल्या सीपीएड मैदानावरच्या मोठ्या प्रदर्शनात स्टॉल घेतला तर गर्दी मिळते पण बोलायला वेळ मिळत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, तिथं पुस्तकं ऑनलाइन विकणाऱ्यांना वाचक समोरासमोर भेटतो, हाही याचाच प्रकार.

नेमकं काय घडतं ते साडीच्या उदाहरणात नीट दिसतं. बाई आधी पदर उलटा करून मागचे धागे बघते, मग काठ दोन बोटांत चोळते, मग साडी घेऊन दाराशी उजेडात जाते कारण ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि निळा सारखाच वाटतो. अशा वेळी शहाणा विक्रेता स्वतःच्या फोनवर त्याच साडीचा ग्रुपवर टाकलेला फोटो काढून साडीशेजारी धरतो आणि सांगतो, "काकू, फोटोत थोडं उजळ दिसूलालंय बघा, खरा रंग ह्यो." त्यात त्याचं नुकसान काहीच होत नाही, उलट त्या बाईला यापुढं त्याचा कुठलाही फोटो कसा वाचायचा ते कळतं. त्या दिवशी साडी विकली गेली नाही तरी चालेल, हे काम झालं पाहिजे.

सेवा विकणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांच्याकडं हातात द्यायला काही नसतं. त्यामुळं वेबसाइटवाला आधी केलेलं काम लॅपटॉपवर उघडून दाखवतो, अकाउंटवाला जीएसटीच्या शंका फुकट सोडवतो, ऑनलाइन शिकवणीवाला पालकांसमोर एक तास शिकवतो. उद्यमबाग या बेळगावच्या कारखान्यांच्या भागातल्या फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांना इंटरनेटवरून पुण्याकडची चौकशी येते तेव्हा ते समोरच्याला कारखान्यावरच बोलावतात, कास्टिंग हातात घेऊन आणि तपासणीची खोली बघून तो माणूस जे ठरवतो ते दहा ईमेलने ठरत नाही.

भाषेचं भान ठेवायला लागतं. इथलं गिऱ्हाईक मराठी आणि कन्नड दोन्ही आहे, कित्येक घरांत दोन्ही बोलतात, तेव्हा टेबलापाशी दोन्ही बोलणारं एक माणूस असावंच. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड असावं असा कायदा कर्नाटकात २०२४ पासून आहे, त्यामुळं बोर्ड लावताना तेही विचारून घेतलेलं बरं.

कराचं कलम सीमेवर जास्त टोचतं. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम ४० किलोमीटर, पण ते महाराष्ट्रात, म्हणजे जीएसटीच्या हिशेबात दुसरं राज्य. तिथं स्टॉल लावून माल विकायचा तर त्या राज्यात तात्पुरती नोंदणी लागते, तिला कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन म्हणतात, ती एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवसांची असते आणि अंदाजे कर आधीच भरावा लागतो. हस्तकलेच्या मालाला काही सूट आहे. कंपोझिशन स्कीममधल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही. म्हणून बरेच जण कोल्हापुरात जायच्या ऐवजी गिऱ्हाइकालाच बेळगावात बोलावतात.

भेटीनं भरवसा जसा बसतो तसा एका फटक्यात उडतोही. सगळ्यात वाईट चूक म्हणजे भेटीत निवडक माल मांडायचा आणि पार्सलात दुसरा भरायचा, असं एकदा झालं की ती बातमी अख्ख्या भिशीत पसरते. दुसरी चूक, वहीत लिहून घेतलेले नंबर न विचारता ग्रुपात टाकणं आणि सकाळ-संध्याकाळ फोटोंचा मारा करणं. तक्रारीचं माणूस कोण ते भेटीतच सांगावं, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात असं आहेच, पण समोर उभं राहून "काही झालं तर मला फोन करा" म्हटलेलं लोक जास्त लक्षात ठेवतात.

भेटीला आलेली बाई बऱ्याचदा स्वतः काहीच घेत नाही. घरी जाते, पुण्यातल्या बहिणीला नाहीतर मडगावच्या नणंदेला फोन लावते आणि "मी बघून आलेय, चांगली माणसं आहेत" म्हणते, आणि पहिली ऑर्डर येते ती त्या बहिणीची, जिनं विक्रेत्याला कधी बघितलेलंच नसतं.