मालिकांच्या जुन्या कॅसेटी : आमच्याकडे देण्याआधी एवढं जरूर वाचा

माळा आवरताना व्हीएचएस कॅसेटी निघाल्या की लग्नाची, मुंजीची, बारशाची कॅसेट बाजूला काढली जाते आणि टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी भंगारवाल्याच्या पोत्यात जातात. हे पत्रक त्या दुसऱ्या ढिगाबद्दल आहे. जुन्या कॅसेटी डिजिटल करून देणं हे आमचं रोजचं काम आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी घरी रेकॉर्ड केलेली मालिकेची कॅसेट लग्नाच्या कॅसेटइतकीच जपावी, असं आमचं ठाम मत आहे. लग्नाच्या शूटिंगची एखादी प्रत मामाकडे, आत्याकडे तरी सापडते. त्या दिवशी तुमच्या टीव्हीवर जसं दिसलं तसं रेकॉर्डिंग मात्र फक्त तुमच्याच कपाटात असतं.

त्या चार-पाच वर्षांत टीव्हीवर किती तऱ्हेचं काय काय लागायचं! दूरदर्शनवर १९९७ मध्ये प्रतीक्षा लोणकर यांची ‘दामिनी’ सुरू झाली आणि मराठी प्रेक्षकाला रोजच्या मालिकेची सवय लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘शक्तिमान’ आला. जानेवारी १९९८ पासून सोनीवर ‘सीआयडी’ आणि त्यात एसीपी प्रद्युम्न म्हणून आपले शिवाजी साटम. भुताखेतांसाठी ‘आहट’, पौराणिकात ‘जय हनुमान’, कॉलेजात जायची स्वप्नं बघणाऱ्या शाळकरी मुलांसाठी ‘हिप हिप हुर्रे’. सासू-सुनेच्या खटक्यांवर हसवणारी ‘तू तू मैं मैं’ रीमा आणि सुप्रिया पिळगांवकर यांची, दिग्दर्शन सचिन यांचं. नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळलेल्या बाईची कथा सांगणारी ‘सांस’ नीना गुप्ता यांची. झीवरची ‘हसरतें’ जयवंत दळवींच्या ‘अधांतरी’वरून घेतलेली होती, हे आजही सांगितलं की बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. मग १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा टीव्ही मराठी (आताचं झी मराठी) सुरू झालं. पाठोपाठ ‘आभाळमाया’, ‘प्रपंच’. मराठी घरातलं बोलणं जसंच्या तसं पडद्यावर ऐकू येऊ लागलं ते तेव्हापासून, असं आम्हाला वाटतं.

यातल्या काही मालिका आज अधिकृतपणे ऑनलाइन बघता येतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शनने ‘शक्तिमान’ आणि ‘व्योमकेश बक्षी’ पुन्हा दाखवलेही. मग कॅसेट कशाला ठेवायची, असं काही ग्राहक विचारतात. ऑनलाइन भागात जाहिराती नसतात, मधल्या बातम्या नसतात, निवेदिका नसते, ‘व्यत्यय’ अशी पाटी नसते. तुमच्या कॅसेटवर हे सगळं असतं.

जाहिराती कापायला सांगू नका

ही आमची कळकळीची विनंती आहे. त्या काळी रेकॉर्डिंग करणारा माणूस रिमोट हातात धरून बसायचा आणि जाहिराती लागल्या की पॉज दाबायचा. त्यामुळे शीर्षकगीताची पहिली ओळ हुकते, दोन प्रसंगांच्या मध्ये साबणाच्या जाहिरातीचे दोन-तीन सेकंद शिरतात, चित्र एकदा थरथरतं आणि गोष्ट पुढे जाते. ते तुकडे आम्ही तसेच ठेवतो. कॅसेटवर तारीख लिहिलेली नसेल, तर भाग कधीचा आहे ते ठरवायला हेच तुकडे कामी येतात. पडद्याच्या कोपऱ्यात अल्फाचा लोगो असेल तर ऑगस्ट १९९९ नंतरचं. क्रिकेट विश्वचषकाच्या जाहिराती आणि इंग्लंडचा उल्लेख असेल तर १९९९ चा उन्हाळा. ‘कौन बनेगा करोडपती’ लवकरच येणार, असं सांगत असतील तर जुलै २००० च्या थोडं आधीचं. दुकानाच्या जाहिरातीत मुंबईचा फोन नंबर सात आकडी असेल, तर नंबर आठ आकडी होण्याआधीचं, म्हणजे साधारण २००२ पूर्वीचं. असा अंदाज लागला की फाइलच्या नावात आम्ही तो लिहून देतो.

कॅसेट शेवटपर्यंत चालवणं हाही आमचा नियम आहे. एकाच कॅसेटवर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करायची पद्धत होती. लेबलवर ‘दामिनी’ खोडून ‘सीआयडी’, ते खोडून ‘मॅच’ असं लिहिलेलं असतं. नवं रेकॉर्डिंग जिथे थांबतं तिथून पुढे आधीचं शिल्लक राहतं. मॅच संपल्यावर काही क्षण नुसत्या मुंग्या दिसतात आणि मग एखाद्या मालिकेचा शेवटचा प्रसंग, नाहीतर घरातलंच एखादं बारसं सुरू होतं. म्हणून पहिली पाच मिनिटं बघून कॅसेट रिकामी ठरवू नका.

घरच्या व्हीसीआरमध्ये लावून बघू नका

बरीच वर्षं बंद असलेल्या व्हीसीआरचे रबरी रोलर कडक झालेले असतात, पट्टे सैल पडलेले असतात. असा व्हीसीआर टेप खातो. टेप जेमतेम अर्धा इंच रुंद असते, तिला घडी पडली की तेवढ्या भागातलं चित्र कायमचं बिघडतं. नवा व्हीसीआर आता बाजारात नाही. जपानमधल्या शेवटच्या कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आम्हीही जुनीच यंत्रं दुरुस्त करून वापरतो आणि प्रत्येक कॅसेटआधी टेप वाचणारं हेड साफ करतो.

कॅसेटच्या खिडकीतून आत टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजा. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्याची दमट हवा लागलेल्या कॅसेटींवर ती हमखास येते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत आणा, बाकीच्यांत मिसळू नका आणि घरी उघडून पुसायला जाऊ नका. बुरशी एका यंत्रातून दुसऱ्या कॅसेटवर जाते, म्हणून तिची सफाई आम्ही वेगळी करतो.

अमेरिकेतल्या नातलगांकडून आलेली कॅसेट असेल तर तेवढं आवर्जून सांगा. आपल्याकडची टीव्ही-चित्राची पद्धत ‘पाल’ (PAL), म्हणजे चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ फ्रेम. तिकडची एनटीएससी, ५२५ रेषा आणि सेकंदाला जवळजवळ ३० फ्रेम. यंत्र दोन्ही वाचणारं लागतं. लाँग प्लेवर, म्हणजे टेप निम्म्या वेगाने चालवून रेकॉर्ड केलेलं असेल तर ई-१८० च्या कॅसेटवर तीनऐवजी सहा तास असतात, चित्र मात्र थोडं मऊ येतं.

चित्र किती चांगलं येईल

टेपवर जेवढं आहे तेवढं पूर्ण काढून देणं, एवढीच हमी आम्ही देतो. केबलवाल्याच्या सिग्नलमुळे तेव्हाच चित्राला दुहेरी सावली पडली असेल तर ती रेकॉर्डिंगमध्येच आहे, ती निघत नाही. चित्राच्या तळाशी वळवळणाऱ्या रेषा दिसतील. तो दोष नाही. जुन्या टीव्हीत तो भाग चौकटीआड जायचा.

एका गोष्टीवर आम्ही जास्त मेहनत घेतो. पालचं चित्र सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम म्हणून येत नाही. आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या, असे सेकंदाला ५० अर्धे भाग येतात. स्वस्तातल्या यंत्राने रूपांतर केलं की हे दोन अर्धे भाग एकाच फ्रेममध्ये चिकटतात. शक्तिमान गरगर फिरायला लागला की त्याच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, ते यामुळेच. आम्ही ५० च्या ५० हालचाली राखून फाइल बनवतो. मग तो फिरतो तेव्हा तुम्हाला आठवतो तसाच सफाईने फिरताना दिसतो.

चित्राचा चार-तीनचा आकारही तसाच ठेवतो. रुंद टीव्हीभर ताणून दिलं तर माणसं बुटकी आणि जाड दिसतात. फोर-के करून मागितलं तरी आम्ही नम्रपणे नकार देतो. सॉफ्टवेअर चेहऱ्यावर नसलेले तपशील रंगवतं आणि ओळखीचा नट परका वाटू लागतो.

देणं-घेणं

आमचा दर कॅसेटमागे नसून प्रत्यक्ष निघालेल्या तासांवर आहे. दरपत्रक काउंटरवर लावलेलं आहे. एका तासाची फाइल साधारण अडीच ते तीन जीबीची होते, त्या हिशोबाने पेनड्राइव्ह आणा. मालिकांचे हक्क वाहिन्यांकडे किंवा निर्मात्यांकडे असतात. त्यामुळे तुमच्या कॅसेटची प्रत फक्त तुम्हालाच मिळते, आमच्याकडे शिल्लक ठेवली जात नाही आणि दुसऱ्या कोणाला विकली जात नाही. तुम्हीही ती घरापुरतीच ठेवा, इंटरनेटवर चढवू नका.

मूळ कॅसेट परत नेल्यावर कव्हरात घालून पुस्तकासारखी उभी ठेवा, भिंतीला टेकवू नका. मागची प्लास्टिकची टिकली शाबूत असेल तर आम्ही ती तुम्हाला विचारून मोडतो, म्हणजे चुकूनही वर रेकॉर्ड होणार नाही. जून ते सप्टेंबर या काळात भिजलेल्या आणि बुरशीच्या कॅसेटी आधी हाती घेतो, त्यामुळे कोरड्या कॅसेटींना त्या महिन्यांत जरा जास्त दिवस लागतात.