चित्रपटगृहातला व्यत्यय आणि दिव्यांग प्रेक्षक : कोकण किनाऱ्यावरून पाहिलेली पार्श्वभूमी

चित्रपट रंगात आलेला असताना कोणी मोबाईलवर बोलू लागले, पडद्यासमोरून तीनदा ये-जा केली किंवा पुढचा प्रसंग मोठ्याने सांगून टाकला, की आजूबाजूचे प्रेक्षक वैतागतात आणि ते वैतागणे रास्तच असते. पण स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा गाणे लागताच हुंकार देऊ लागतो, अंध बहिणीला भाऊ कानात पडद्यावरचे सांगत असतो, सेरेब्रल पाल्सीमुळे स्नायूंवर ताबा नसलेल्या तरुणाला हसू आवरता येत नाही, तेव्हाही मागच्या रांगेतून तेच 'श्शू' येते आणि व्यवस्थापकाकडे तीच तक्रार जाते. मनात आणले असते तर टाळता आला असता असा व्यत्यय आणि देहाबरोबरच आलेला, टाळता न येणारा आवाज, हे दोन्ही आपण एकाच मापाने मोजतो. असे का झाले हे पाहायचे तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते, आणि कोकणापुरते बोलायचे तर त्याच्याही आधी, देवळाच्या सभामंडपात.

सिंधुदुर्गात कार्तिक-मार्गशीर्षात जत्रा सुरू झाल्या की रात्र-रात्र दशावतार चालतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो. या खेळाला लिखित संहिता नसते, नेपथ्यही नसते. एक लाकडी बाक असतो आणि तोच सिंहासन, तोच पर्वत, तोच रथ. त्यामुळे राजा रंगभूमीवर आला की आपण कोण, कुठल्या नगरीचे, कशासाठी निघालो आणि समोर अरण्य आहे की सागर, हे त्याला तोंडानेच सांगावे लागते. ज्याला दिसत नाही त्याचे या नाटकात फारसे काही बुडत नाही, याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी भडक रंगभूषा, मुकुट, काळ्या वेशातला संकासूर आणि युद्धनृत्ये असतात. लहानपणी जत्रेत आमच्या शेजारी एक अंध आजोबा पखवाजाच्या अगदी जवळ मांडी घालून बसत आणि पखवाज थांबला की नातवाला मोठ्याने विचारत, "आता कोण इलो रे?" नातू तितक्याच मोठ्याने सांगे, "राक्षस इलो." या प्रश्नोत्तरांबद्दल कोणी वळून पाहिल्याचे मला आठवत नाही. तिथे मुले झोपत, बायका खाज्याच्या पुड्या सोडत, माणसे उठून चहाला जात आणि परत येऊन बसत. नाटक या सगळ्याच्या मध्ये चाललेले असे आणि नटांनाही ते ठाऊक असे.

चित्रपट आला तो याच सवयीच्या प्रेक्षकांपुढे. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलचित्रे दाखवली गेली आणि 3 मे 1913 रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. मूकपटात संवाद नसत, पाट्या असत. ज्यांना वाचता येई ते ज्यांना येत नसे त्यांच्यासाठी पाट्या मोठ्याने वाचत, पडद्याजवळ तबला-पेटी वाजत असे आणि सबंध प्रेक्षागृह बोलत असे. कर्णबधिर माणसाला या चित्रपटातले सारे कळत होते, कारण जे काही होते ते डोळ्यांनीच पाहायचे होते. अंध माणसालाही शेजारच्याचे वाचन आपसूक ऐकू येई. या दोघांची सोय कोणी मुद्दाम केलेली नव्हती, तंत्राच्या अपुरेपणामुळे ती झाली होती. पण झाली होती हे खरे.

14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' झळकला आणि पुढच्याच वर्षी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपट सुरू केला. चित्रपटाच्या इतिहासात 1931 हे वर्ष आनंदाचे म्हणूनच नोंदले जाते. त्या आनंदाला धक्का न लावताही दुसरी एक नोंद करायला हवी : पाट्या गेल्या आणि कर्णबधिर प्रेक्षक एका झटक्यात बाहेर पडला. शिवाय पडद्यावरचे ऐकायचे म्हणून शेजाऱ्याने गप्प बसणे आले, आणि अंध माणसाच्या कानात सांगणारा आवाज त्या दिवसापासून अडथळा ठरू लागला. युरोपात प्रेक्षकाला काळोखात निमूट बसवण्याची रीत थोडी आधीची आहे. जर्मन संगीतकार वाग्नरने 1876 मध्ये बायरॉइटच्या आपल्या नाट्यगृहात प्रेक्षागृह काळोखे केले, तो त्या रीतीचा ठळक टप्पा मानला जातो. तेव्हा 'गप्प बसून पाहणे' हा प्रेक्षकाचा सनातन धर्म नाही, फार तर दीडशे वर्षांची सवय आहे.

कोकणात ही सवय पूर्णपणे रुजायला बराच काळ गेला. तालुक्याच्या गावातल्या टॉकिजवर पत्र्याचे छप्पर असे आणि आषाढातली सर कोसळली की संवाद कोणालाच ऐकू येत नसत. रीळ तुटले की शिट्ट्या, वीज गेली की आरडाओरडा, आणि वस्तीची एसटी गाठायची म्हणून शेवटच्या मारामारीआधीच अर्धी रांग उठून जाई. जत्रेतल्या तंबूत तर मागे पाळण्यांचा आणि भोंग्यांचा आवाज अखंड असे. या गोंगाटात एखाद्या मुलाचा हुंकार वेगळा ओळखूही येत नसे. जुन्या टॉकिजला मी आदर्श म्हणत नाही. तिथे बाल्कनीला जायला उभा जिना होता, स्वच्छतागृहाची पायरी गुडघ्याएवढी होती, आणि पायाने अधू माणूस यायचा तो कोणाच्या तरी पाठीवर किंवा येतच नसे. आवाजाला माफी होती, चाकाच्या खुर्चीला वाट नव्हती.

1997 मध्ये दिल्लीत साकेतला देशातले पहिले मल्टिप्लेक्स सुरू झाले आणि 2001 मध्ये महाराष्ट्र शासनाने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली, तेव्हापासून चित्र उलटे झाले. लिफ्ट आली, रुंद दरवाजे आले, उतार आले. पण वातानुकूलित बंद खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी ध्वनियोजना आली आणि तिकिटाचा दर असा झाला की प्रेक्षक शांतताही विकत घेतल्यासारखी मागू लागला. त्याच्या बाजूनेही बोलायला हवे. रत्नागिरीहून किंवा कुडाळहून चांगल्या पडद्यासाठी कोल्हापूर नाही तर पणजी गाठणाऱ्या कुटुंबाचा प्रवासखर्च धरून हजारांत पैसा जातो, आणि शेजारचा माणूस दोन तास फोनवर बोलत असेल तर त्याचा राग खोटा नसतो. अडचण एवढीच की फोनवाल्यासाठी केलेला नियम ज्याच्यावर सहज चालतो तो बहुधा फोनवाला नसतो. तो वाद घालतो. आई आपल्या मुलाला घेऊन मुकाट उठते.

प्रेक्षागृहातल्या शिस्तीच्या मागणीने टोक गाठले ते राष्ट्रगीताच्या निमित्ताने, आणि त्यातली एक घटना याच किनाऱ्यावरची आहे. 1962 च्या चीन युद्धानंतर खेळ संपल्यावर राष्ट्रगीत वाजवण्याची प्रथा होती. लोक निघून जात म्हणून ती पुढे मागे पडली. महाराष्ट्राने 2003 मध्ये खेळाच्या आधी राष्ट्रगीत लावण्याचा नियम केला. 2016 मध्ये पणजीच्या एका मल्टिप्लेक्समध्ये लेखक आणि दिव्यांग हक्कांचे कार्यकर्ते सलील चतुर्वेदी राष्ट्रगीताच्या वेळी उभे राहिले नाहीत म्हणून मागच्या माणसाने त्यांना मारले. मज्जारज्जूला इजा झाल्यामुळे ते चाकाची खुर्ची वापरतात, त्यांना उभे राहताच येत नाही. ही बातमी देशभर गेली. तरीही 30 नोव्हेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक चित्रपटगृहात राष्ट्रगीत वाजवावे आणि सर्वांनी उभे राहावे असा अंतरिम आदेश दिला, तेव्हा त्यात दिव्यांगांचा उल्लेख नव्हता. 9 डिसेंबरला न्यायालयाने त्यांना उभे राहण्यातून सूट दिली आणि त्याच महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाने त्यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. 9 जानेवारी 2018 रोजी राष्ट्रगीत वाजवणेच ऐच्छिक झाले, सूट कायम राहिली. मला यातले नऊ दिवस महत्त्वाचे वाटतात. सर्वांसाठी नियम लिहिताना कोणाचे शरीर डोळ्यांसमोर नव्हते, हे त्या नऊ दिवसांत उघड दिसते.

कायद्यालाही हे शरीर उशिरा दिसले. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते आणि त्यात स्वमग्नता नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ती घेतली, पण तो कायदा मुख्यतः पालकत्व आणि सांभाळ यांच्यापुरता होता. 2007 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्याच्या 30 व्या कलमात चित्रपट, नाटक आणि दूरचित्रवाणी सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात मिळणे हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. त्यातूनच दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 आला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. प्रकार सातांचे एकवीस झाले, 'वाजवी सोय', म्हणजे व्यक्तीच्या गरजेप्रमाणे व्यवस्थेत योग्य तो बदल करणे, ही कल्पना आली, आणि खाजगी सेवा देणाऱ्यांवरही सुगमतेची जबाबदारी आली. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले आणि महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक. ती मोजणी एकवीस प्रकारांच्या आधीची आहे, हे विसरून चालणार नाही.

आवाज करणाऱ्या प्रेक्षकाचे काय, याचे पहिले व्यवहार्य उत्तर परदेशात एका मातेच्या अनुभवातून निघाले. 2007 मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात एक स्वमग्न मुलगी चित्रपट पाहताना आनंदाने नाचू लागली, हात हलवू लागली, आणि कुटुंबाला बाहेर जायला सांगण्यात आले. आईने दुसऱ्या चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला खास खेळ ठेवण्याची विनंती केली. एएमसी ही चित्रपटगृहे चालवणारी कंपनी आणि तिथली ऑटिझम सोसायटी यांनी पुढे अशा खेळांची मालिकाच सुरू केली. त्यात दिवे पूर्ण घालवत नाहीत, आवाज कमी ठेवतात, आधीच्या जाहिराती वगळतात, आणि उठणे, गाणे, ओरडणे यांना मुभा असते. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. दिव्याचे आणि आवाजाचे बटण प्रत्येक प्रक्षेपण खोलीत असतेच. असे खेळ वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी ठेवणे म्हणजे दिव्यांगांना पुन्हा वेगळे बसवणे, असा आक्षेप घेतला जातो. तो चुकीचा नाही. पण आज ज्याला एकही खेळ मिळत नाही त्याला महिन्यातून एक मिळणे मला कमी वाटत नाही, फक्त त्यामुळे बाकीच्या खेळांतून त्याला घालवण्याचा परवाना मिळाला असे कोणी समजू नये.

भारतात मात्र काम सुरू झाले ते ऐकू न येणाऱ्या आणि न दिसणाऱ्या प्रेक्षकांपासून. जानेवारी 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण'च्या निमित्ताने श्राव्य वर्णन आणि उपशीर्षके यांबाबत निर्देश दिले. 15 मार्च 2024 रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली : एकाहून अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना सहा महिन्यांत आणि बाकीच्यांना दोन वर्षांत दृष्टिबाधितांसाठी श्राव्य वर्णनाची आणि कर्णबधिरांसाठी संवाद आणि आवाज पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या उपशीर्षकांची सोय करायची होती. चित्रपटगृहांनी त्यासाठी वेगळे खेळ ठेवावेत किंवा हेडफोन, चष्मा, मोबाईल ॲप यांसारखी साधने वापरावीत, असेही त्यात आहे. श्राव्य वर्णन म्हणजे दोन संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय घडते ते थोडक्यात सांगणारा आवाज, म्हणजे जत्रेतल्या नातवाचेच काम, आता कानातल्या यंत्राने. त्यामुळे शेजाऱ्याला त्रास होण्याचा प्रश्नही उरत नाही. पण स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांग प्रेक्षकाबद्दल ही तत्त्वे काही सांगत नाहीत. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष नुसते शिफारशीचे राहू नयेत, सक्तीचे व्हावेत, असे स्पष्ट केले आहे.

किनाऱ्याचा दक्षिणेकडचा भाग या बाबतीत पुढे आहे. 2004 पासून पणजीत भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात 2022 साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग होता आणि ॲटनबरो यांचा 'गांधी' श्राव्य वर्णन व उपशीर्षकांसह दाखवला गेला. जानेवारी 2023 मध्ये पणजीतच पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला. महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला, त्याचे आयुक्तालय पुण्यात आहे. सिंधुदुर्गातल्या माणसाला तक्रारीसाठी घाट चढावा लागतो, आणि सिनेमात झालेल्या अपमानासाठी तो सहसा कोणी चढत नाही.

माझ्या मावशीचा नातू स्वमग्न आहे, आता चौदा वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी त्याला आम्ही एका चित्रपटगृहात नेले होते. पहिल्या गाण्याला तो पुढे-मागे डोलू लागला आणि ढोलाच्या प्रत्येक ठेक्याला 'हूं' म्हणू लागला, ठेका एकदाही न चुकवता. कोणीतरी तक्रार केली. डोअरकीपर आला आणि त्याने टॉर्च आमच्या पायांवर न मारता मुलाच्या चेहऱ्यावर मारली. मग मात्र तो खरोखरच ओरडला, कारण अंगावर येणारा उजेड त्याला सोसत नाही. मध्यंतरालाही अजून वीस मिनिटे होती. त्याची आई त्याला घेऊन बाहेरच्या पायरीवर बसली, आणि डोअरकीपरने, तो काही वाईट माणूस नव्हता, त्यांना पाण्याची बाटली आणून दिली. त्यानंतर ते कुटुंब चित्रपटगृहात गेलेले नाही. कार्तिकात गावच्या जत्रेला मात्र जातात आणि मुलगा पखवाजाशेजारी बसतो.