दर सात वर्षांनी शरीर नवं होतं?

‘सात वर्षांत शरीरातली प्रत्येक पेशी बदलते, त्यामुळे हार्ट अटॅकची इजाही भरून निघते’ हा मेसेज इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धी गोष्ट खरी आहे. आतड्याच्या अस्तराच्या पेशी काही दिवसांतच बदलतात. हृदयाच्या स्नायूचं मात्र तसं नाही. तिथे मेलेल्या पेशींच्या जागी व्रण उरतो. म्हणून छातीत दुखलं तर कृपा करून थांबू नका.

इजेनं पेशीचं आवरण फाटलं की आतलं बाहेर झिरपतं. रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन, तपासतात ते यासाठीच. प्रयोगशाळेत ट्रायपॅन ब्लू घालतात: जिवंत पेशी हा रंग आत येऊ देत नाही, मेलेली निळी होते.

घरी पाहायचं तर बिटाच्या चकत्या नीट धुऊन घ्या. एक गार पाण्यात, एक कढत पाण्यात टाका. कढत पाण्यात पेशींची आवरणं फाटतात, म्हणून ते भराभर लाल होतं, गार बराच वेळ फिकं राहतं.