न घटलेला परागकण: चूक पहिल्या विभाजनाची की दुसऱ्या?

अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते, हे आपण शाळेत शिकतो. वनस्पती मात्र हा नियम अधूनमधून मोडतात. २४ गुणसूत्रांच्या बटाट्यातून १२ ऐवजी थेट २४ गुणसूत्रांचा परागकण तयार होतो. अशा न घटलेल्या युग्मकांमधूनच (परागकण, अंडपेशी यांतल्या प्रजननपेशींमधूनच) निसर्गातली बहुतेक बहुगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनाहून जास्त संच असलेली, झाडं आली, असं आज मानलं जातं. पण ही युग्मकं एकाच तऱ्हेची नसतात. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते. एका प्रकाराला एफडीआर (फर्स्ट डिव्हिजन रेस्टिट्यूशन) म्हणतात, दुसऱ्याला एसडीआर (सेकंड डिव्हिजन रेस्टिट्यूशन). दोन्हींत गुणसूत्रांची संख्या सारखी, आणि परागकण नेहमीपेक्षा मोठा. नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली मोजून फरक कळत नाही.

फरक आतल्या मालात आहे. पहिल्या विभाजनात आईकडून आणि बापाकडून आलेली जोडीदार गुणसूत्रं एकमेकांपासून दूर जातात, तर दुसऱ्यात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती सुटतात. पहिली पायरी निष्फळ ठरली की एफडीआर: युग्मकात दोन्ही जोडीदारांचा एकेक अंश येतो आणि झाडातली विविधता बरीचशी टिकते. दुसरी पायरी चुकली की एसडीआर: एकाच गुणसूत्राच्या दोन्ही प्रती सोबत राहतात. त्यामुळे सेंट्रोमिअरजवळचा (दोन प्रती जिथे जोडलेल्या असतात त्या जागेजवळचा) भाग एकसारखा होतो, आणि जोडीदारांमध्ये तुकड्यांची अदलाबदल जिथे झाली असेल त्याच्या पलीकडेच विविधता उरते. बटाट्यात एफडीआर युग्मक आईबापाची सुमारे ८० टक्के विषमयुग्मता (जनुकाच्या दोन वेगळ्या रूपांची जोडी असणं) पुढे नेतं, एसडीआर सुमारे ४० टक्के. पैदासकारासाठी हा फरक फार मोठा आहे, कारण संकरित जोम, म्हणजे संकराची जोमदार वाढ, या विविधतेवरच उभा असतो.

इथे एक गुंता आहे आणि तो सावकाश समजून घ्यायला हवा. एफडीआरच्या नावात पहिलं विभाजन आहे, तरी बिघाड दुसऱ्या विभाजनातही होऊ शकतो. दुसऱ्या विभाजनाच्या वेळी पेशीत दोन स्पिंडल (गुणसूत्रं ओढून वेगळी करणाऱ्या तंतूंची रचना) असतात. ते एरवी एकमेकांशी कोन करून राहतात, म्हणून चार वेगळी केंद्रकं बनतात. ते समांतर झाले, तर दोन्हीकडच्या प्रती शेजारीशेजारी त्याच ध्रुवावर जमतात आणि चारऐवजी दोनच केंद्रकं होतात. प्रत्येकात दोन्ही जोडीदारांचा एकेक अंश असतो, म्हणजे परिणाम थेट एफडीआरचा. प्रकार ठरवायचा तो परिणामावरून, बिघाडाच्या वेळेवरून नव्हे.

आता कारणांकडे. समांतर स्पिंडलचा दोष बटाट्यात आनुवंशिक असल्याचं १९७५ मध्ये दाखवलं गेलं. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपात एटीपीएस१ हे जनुक निकामी झालं की हेच घडतं. ६५ टक्क्यांपर्यंत परागकण न घटलेले निघतात, अंडपेशी मात्र नेहमीसारख्या राहतात. याउलट ओएसडी१ जनुक बंद पडलं की पेशी दुसऱ्या विभाजनात शिरतच नाही, त्यामुळे एसडीआर होतं आणि परागकणांसोबत अंडपेशींवरही परिणाम दिसतो.

हवामानही याच यंत्रणेवर घाव घालतं. गुलाबात विभाजनाच्या काळात ३६ अंश सेल्सिअसची उष्णता दिली, तर स्पिंडल समांतर किंवा त्रिध्रुवी (तीन टोकांचे) होतात. बटाट्यात जे जनुकाच्या दोषाने होतं, ते इथे तापमानाने होतं. थंडीची तऱ्हा वेगळी आहे. अरॅबिडॉप्सिसला काही तास ४–५ अंशांत ठेवलं, तर स्पिंडल ठीक राहतात. पण विभाजनानंतर पेशींमध्ये भिंत नीट उभी राहत नाही आणि एकत्र अडकलेली केंद्रकं पुढे मिसळतात. कुठली केंद्रकं मिसळली, यावर युग्मकातला माल ठरतो. म्हणून ‘जनुक की हवामान’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. विभाजनाच्या यंत्रणेचा कुठला भाग ढळला, हे आधी विचारावं.

संकरांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे न घटलेल्या युग्मकांचं प्रमाण खूप जास्त असतं. १९९८ च्या एका आढाव्यानुसार बिगरसंकरित झाडांत न घटलेल्या युग्मकांचं सरासरी प्रमाण ०.५६ टक्के, तर संकरांत २७.५२ टक्के होतं. जोडीदारच नसल्याने गुणसूत्रं जोडी जमवू शकत नाहीत आणि पहिलं विभाजन फसतं. २८ गुणसूत्रांचा गहू आणि १४ गुणसूत्रांचं रानगवत यांच्या २१ गुणसूत्री संकरातून ४२ गुणसूत्रांचा पावाचा गहू झाला, तो या वाटेने: २१ अधिक २१.

एकाच वाणाची दोन झाडं, किंवा एकाच झाडावरची दोन फुलंसुद्धा सारखं प्रमाण देत नाहीत. त्यामुळे मोठे परागकण दिसले म्हणून लगेच संकर करायला घेऊ नये. आधी संततीत सेंट्रोमिअरजवळचे डीएनए मार्कर (आईबापाचा डीएनए ओळखायच्या खुणा) तपासावेत. तिथे आईबापाची विषमता टिकून असेल तर एफडीआर, नाहीशी झाली असेल तर एसडीआर.