ब्रिटिश शॉर्टहेअर की सयामीज? केस सारखेच आखूड, बाकी सगळं वेगळं

आखूड केसांचं मांजर म्हणजे कमी कटकट, हा हिशेब ब्रिटिश शॉर्टहेअरपाशी चुकतो. त्याचे केस आखूड असले तरी भलतेच दाट असतात. आठवड्यातून दोनदा ब्रश करावा लागतो, केस गळण्याच्या दिवसांत रोज. ब्रश वरवर फिरवला तर आतले सुटे केस तसेच राहतात, मांजर ते चाटून गिळतं आणि मग गोळे ओकतं. सयामीजचे केस बारीक, अंगालगत बसलेले आणि आतलं अस्तर जवळजवळ नसलेले. ओलसर हात फिरवला तरी काम होतं.

ॲलर्जीचा मात्र केसांच्या लांबीशी संबंध नाही. ‘फेल डी १’ हे प्रथिन मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तैलग्रंथींत तयार होतं, आणि ते दोघांकडेही असतं. घरात कुणाला शिंका येत असतील तर त्यांनी आधी त्याच मांजराजवळ दोन-तीनदा तासभर बसून पाहावं.

निवड करताना खरं पाहायचं ते हे, की घर दिवसातून किती तास रिकामं असतं. सयामीज माणसाच्या मागेमागे फिरतं, मोठ्या घोगऱ्या आवाजात सतत काहीतरी सांगत असतं आणि एकटं पडलं की लोकर किंवा कापड चोखायला, चावायला लागतं. कापडाचे तुकडे पोटात गेले तर आतडं तुंबू शकतं. त्यामुळे घर आठ-नऊ तास बंद राहणार असेल तर सयामीज एकटं ठेवू नये, जोडी आणावी. ब्रिटिश शॉर्टहेअर त्याच वेळात निवांत झोपतं. पण त्याला उचलून कडेवर घेतलेलं सहसा आवडत नाही. लहान मुलांना कवटाळायला मांजर हवं असेल तर या गोल, टेडीसारख्या चेहऱ्याला भुलू नका.

सयामीजच्या रंगामागे मजेदार रसायन आहे. रंगद्रव्य बनवणारं त्याचं टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) जनुकातल्या बदलामुळे शरीराच्या उबेत काम करत नाही, गार भागातच करतं. म्हणून कान, तोंड, पंजे, शेपूट गडद आणि धड फिकट. आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब, म्हणून पिल्लं जन्मतः पांढरी असतात. शस्त्रक्रियेसाठी पोटावरचे केस काढले तर तिथे आधी गडद केस उगवतात. तो आजार नव्हे, पुढच्या वेळी केस गळून आले की रंग बहुधा पूर्ववत होतो. याच जनुकामुळे डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या काही नसा वेगळ्या वाटेने जातात, आणि काही सयामीज तिरळी दिसतात.

ब्रिटिश शॉर्टहेअरचा काळजीचा मुद्दा हृदय. हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होण्याचा विकार या जातीत, विशेषतः बोक्यांत, आढळतो. ‘आईवडील धडधाकट आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नये. त्यांच्या हृदयाच्या सोनोग्राफीचा अलीकडचा अहवाल मागावा, कारण हा विकार वयानुसार उशिराही उमटतो. घरी मांजर गाढ झोपलेलं असताना ३० सेकंद श्वास मोजून दुप्पट करा. आकडा वारंवार ३०च्या वर जात असेल तर पशुवैद्याकडे न्या. सयामीजसाठी डोळ्यांच्या पडद्याचा ऱ्हास करणाऱ्या जनुकाची चाचणी मागा. दोन्ही पालकांकडून दोषी प्रत आली तरच पिल्लाची दृष्टी जाते, म्हणून दोघांचेही अहवाल लागतात.

वजनाकडेही लक्ष हवं. विश्रांतीत शरीराला दिवसाला लागणारी ऊर्जा किलोतल्या वजनाच्या ०.७५ घाताला ७०ने गुणून काढतात: ४ किलोच्या सयामीजला सुमारे २०० किलोकॅलरी, ६ किलोच्या ब्रिटिश बोक्याला सुमारे २७०. नसबंदी झालेल्या प्रौढ मांजराला साधारण याच्या १.२ पट पुरतं. म्हणजे दीडपट वजनाच्या बोक्याला दीडपट अन्न लागत नाही, आणि नेमकी तिथेच वाटी जास्त भरली जाते. मुळातच आळशी असलेलं ब्रिटिश शॉर्टहेअर मग बघता बघता सुटतं. खाणं वाटीने नव्हे, वजनकाट्यावर मोजून द्या.