कोथिंबिरीच्या पाण्याने किडनी धुऊन निघते का?

"कोथिंबीर उकळून प्या, किडनीत साचलेली घाण निघून जाते" हा निरोप खानापूर-निपाणीकडे वर्षानुवर्षे फिरतोय. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात. पण किडनी म्हणजे गाळ धरून ठेवणारी चाळणी नव्हे. प्रत्येक किडनीत सुमारे 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात: प्रत्येकाच्या टोकाला केशवाहिन्यांचा इवलासा गुंता, पुढे वळणावळणाची नळी. दोन्ही किडन्यांतल्या गुंत्यांतून मिळून दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळला जातो. नळीच्या पेशी त्यातला जवळजवळ 99 टक्के परत रक्तात घेतात, उरते ती दीड-दोन लिटर लघवी.

काढ्यानंतर लघवी स्वच्छ दिसते ती जास्त पाण्यामुळे. तेवढंच साधं पाणी पिऊन बघा, रंग तसाच येईल. (डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर हे करू नका.) मधुमेहाने, रक्तदाबाने हे गुंतेच निबर होतात, गेलेला नेफ्रॉन काढ्याने परत येत नाही. खरी स्थिती कळते रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) तपासून.